धर्म आणि नगरजीवन – लेखांक 7 : खुतब्यात कोणाचे नाव?

शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी जामा मशिदीत खुतबा वाचला जातो. मध्ययुगात त्या प्रवचनात राज्यकर्त्याचे नाव घेण्याची रीत होती, आणि स्वतःच्या नावाचे नाणे पाडण्याइतकेच ते सार्वभौमत्वाचे लक्षण मानले जाई. गादीवर बसणे हे एक काम; भर जमावात मिंबरावरून, म्हणजे मशिदीतील व्यासपीठावरून, आपले नाव वाचले जाणे हे दुसरे, आणि ते तलवारीच्या बळावर होतेच असे नाही. धर्म राजकारणात शिरतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या कामासाठी. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरचा इतिहास या देवघेवीचा सलग आलेख आहे.

शहराचे नावच त्या देवघेवीतून आले. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीरखानाने 1400 च्या सुमारास हे शहर वसवले आणि त्याला चिश्ती संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. समोरच्या तीरावरचे जैनाबाद हे त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी यांच्या नावाचे. दोन्ही संतांच्या कबरी खुलताबादेत आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की असीरगड जिंकल्यावर जैनुद्दीन स्वतः नसीरखानाचे अभिनंदन करायला आले, इनाम नाकारले आणि त्याऐवजी ही दोन गावे वसवायला सांगितले. गोष्ट सुरेख आहे. अडचण एवढीच, की जैनुद्दीन 1369 मध्येच निवर्तले होते. पण दिल्लीपासून तुटलेल्या, गुजरात आणि माळवा यांच्या कचाट्यात सापडलेल्या छोट्या घराण्याला संताचा आशीर्वाद लागतच होता, आणि तो मिळाल्याची कथा पुढे दोनशे वर्षे टिकली. कथा खोटी असली तरी तिची गरज खरी होती.

याच घराण्यातील आदिलशाह फारुकी, म्हणजेच राजा अली खान, याने बांधलेली जामा मशीद आजही शहराच्या मध्यात उभी आहे. घुमट नसलेली, सपाट छताची, दोन उंच मिनारांची. तिच्या भिंतीत अरबी शिलालेख आहे, तसाच एक संस्कृतही. संस्कृत लेखाच्या आरंभी सृष्टिकर्त्याला नमन आहे, पुढे फारुकी राजांची वंशावळ येते, आणि तारीख विक्रम संवत 1646, शक 1511 अशी तिथी-वार-नक्षत्रासह दिलेली आहे. म्हणजे 1590 चा आरंभ. मशिदीत नमाज पढणाऱ्यांपैकी तो लेख वाचणारे किती असतील? त्याचा श्रोता वेगळा होता. दस्तऐवज लिहिणारे, वसुली सांभाळणारे, पंचांग पाहणारे लोक ज्या भाषेत राजाची वंशावळ ऐकायला सरावले होते, त्या भाषेत ती त्यांना ऐकवली आहे. याला आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभाव म्हणणे घाईचे होईल. राज्यकर्त्याला दोन प्रकारच्या प्रजेकडून मान्यता हवी होती आणि त्याने ती दोन भाषांत मागितली, इतके नक्की म्हणता येते. पुढे जानेवारी 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला, तेव्हा त्या विजयाचा फारसी लेखही याच मशिदीत कोरला गेला. नवा मालक, भिंत तीच.

मान्यता मागता येते, तशी ती रोखताही येते. 1658 मध्ये बापाविरुद्ध आग्र्याकडे निघालेला औरंगजेब बुऱ्हाणपुरात थांबला असता शेख बुऱ्हाणुद्दीन राझ-इ-इलाही या सूफींच्या दर्शनाला गेला, असे फारसी तवारिखा सांगतात. शेखांना राजपुरुषांची ये-जा आवडत नसे. यशासाठी दुआ मागितल्यावर, न्यायाचा हेतू धरून तूच प्रार्थना कर, आम्ही तीत सामील होऊ, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आशीर्वादाला अट जोडलेली होती.

अधिक बोचरा प्रसंग 1681 चा. जानेवारीच्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजांनी बुऱ्हाणपूरबाहेरचा बहादूरपुरा आणि इतर पुरे तीन दिवस लुटले. शहरात अधिकारी होता काकरखान, जिझियाच्या वसुलीवर नेमलेला, आणि त्याच्याजवळ शिबंदी अगदी थोडी. म्हणजे धर्माच्या नावाने कर घेणारी यंत्रणा जागेवर होती, रक्षण करणारी नव्हती. यानंतर शहरातील उलेमा, शेख आणि प्रतिष्ठितांनी बादशहाला अर्ज धाडला : आमची अब्रू आणि मालमत्ता सुरक्षित नाही, अशाने जुम्म्याची नमाज बंद पडेल. वरकरणी ही धार्मिक तक्रार. पण जुम्मा नाही तर खुतबा नाही, आणि खुतबा नाही तर बादशहाचे नाव नाही, हे अर्ज लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखेच कळत होते. हत्यार नसलेल्या नागरिकांनी राज्यकर्त्याला त्याच्याच भाषेत विचारलेला हा जाब होता. औरंगजेब दक्षिणेत उतरला तो केवळ या अर्जामुळे नव्हे. त्याचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला गेला, हे मोठे कारण होते. नोव्हेंबर 1681 मध्ये औरंगजेब बुऱ्हाणपुरात पोचला आणि पुन्हा उत्तरेत गेला नाही. 1707 मध्ये त्याला मूठमाती मिळाली ती खुलताबादेत, त्याच जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात.

विसाव्या शतकात राजाचे नाव उरले नाही, पण मान्यतेचा प्रश्न उरला. फक्त तो आता राज्यकर्त्याबद्दल नसून साध्या माणसाबद्दल होता. बुऱ्हाणपुरातील दर्गा-इ-हकीमी हे दाऊदी बोहऱ्यांचे मोठे श्रद्धास्थान. तेथे 1730 मध्ये निवर्तलेले सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची कबर आहे. समाजाचे सर्वोच्च धर्मगुरू, म्हणजे दाई, एखाद्याला समाजाबाहेर काढू शकतात. त्याला बोहरे ‘बराअत’ म्हणतात, मराठीत वाळीत टाकणे. वाळीत पडलेल्याला मशीद, दर्गा, जमातखाना बंद होतो, आणि मेल्यावर समाजाचे कब्रस्तानही. बुऱ्हाणपुरातील काही बोहऱ्यांवरील अशा बहिष्कारावरून मध्य प्रांताच्या न्यायालयांत सुरू झालेला वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. डिसेंबर 1947 मधील निकालाने दाईंचा अधिकार मान्य केला, पण तो मनमानी नाही, ठरलेल्या रीतीनेच वापरला पाहिजे, असे सांगितले. आणि या प्रकरणात ती रीत पाळली गेल्याचे मानले नाही.

दोनच वर्षांनी, 1949 मध्ये, मुंबई राज्याने बहिष्काराला बंदी घालणारा कायदा केला. तत्कालीन दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला : धर्माच्या कारणाने समाजाबाहेर काढणे हा संप्रदायाच्या व्यवस्थापनाचा भाग आहे आणि राज्यघटनेचे 26 वे कलम त्याचे रक्षण करते. वेगळे मत एकट्या सरन्यायाधीश सिन्हा यांचे. कब्रस्तान नाकारणे ही उपासनेची बाब नसून माणसाच्या नागरी हक्कांवर घाला आहे, असा त्यांच्या मताचा रोख होता. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो मुख्यतः जातपंचायतींच्या जाचावरून. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोहऱ्यांचा मूळ प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

यातील 1949 चा कायदा मुंबई राज्याचा होता आणि 2016 चा महाराष्ट्राचा आहे. महाराष्ट्रातील रावेर तालुक्याची हद्द ओलांडली की तो लागू होत नाही, आणि बुऱ्हाणपूर त्या हद्दीच्या पलीकडे आहे.