सव्वासहाशेपैकी किती?

कर्नाटकातलं निपाणी आणि महाराष्ट्रातलं कागल यांच्यात पुणे-बंगळूर महामार्गावरचं जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. बोली तीच, सोयरीक एकमेकांत, ऊस आणि तंबाखूच्या गप्पाही त्याच. दहावीच्या निकालाला मात्र या अर्ध्या तासात गणित बदलतं. कागलच्या मुलीचे गुण ५०० पैकी मोजतात, निपाणीच्या मुलीचे ६२५ पैकी. पाढ्यांत पंचवीस पंचविसे सव्वासहाशे म्हणायला छान वाटतं, पण परीक्षेला असला अडनिडा आकडा कशासाठी?

कर्नाटकच्या एसएसएलसीत, म्हणजे तिथल्या दहावीत, सहा विषय असतात. त्यांतल्या पाचांना प्रत्येकी १०० गुण आणि पहिल्या भाषेला एकटीला १२५. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत ही पहिली भाषा मराठी. तिच्या जोडीला कन्नड आणि इंग्रजी, मग गणित, विज्ञान, समाजविज्ञान. म्हणजे बेळगावातला मराठी माध्यमाचा मुलगा एकूण गुणांचा पाचवा हिस्सा मातृभाषेतून मिळवतो. महाराष्ट्रात सहा विषय सारखेच, १०० गुणांचे. तिथे मराठीचा वाटा सहावा. मराठीच्या राज्यात मराठीचं वजन कमी आणि कर्नाटकात जास्त! मला तरी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा पुन्हा आकडेमोड करून पाहावीशी वाटली.

ही १२५ गुणांची जागा मराठीला सहज मिळालेली नाही. कन्नड लेखक विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८१ मध्ये अहवाल दिला, की माध्यमिक शाळेत पहिली भाषा कन्नड आणि कन्नडच असावी. गंमत अशी, की हेच गोकाक पूर्वी सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९८२ मध्ये अहवालाच्या अंमलबजावणीसाठी कन्नड अभिनेते राजकुमार यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन उभं राहिलं. भाषिक अल्पसंख्याक कोर्टात गेले आणि १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने एकाच पहिल्या भाषेची सक्ती मोडीत काढली. आज पहिल्या भाषेच्या यादीत आठ भाषा आहेत : कन्नड, मराठी, तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत. पुढे २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणं बंधनकारक केलं, पण पहिल्या जागेवर मराठी टिकली. गुणपत्रिकेतल्या एका रकान्यामागे एवढं सगळं घडलेलं आहे.

आता एक खेळ करू. एक काल्पनिक मुलगी घ्या. तिला मराठीत १२५ पैकी ११५ मिळाले, कन्नडमध्ये ४८, इंग्रजीत ६७, गणितात ८१, विज्ञानात ७८, समाजविज्ञानात ८६. बेरीज ४७५. सव्वासहाशेने भागलं की बरोबर ७६ टक्के. हेच गुण महाराष्ट्राच्या पद्धतीने मांडू. मराठीचे ११५ म्हणजे १०० पैकी ९२. महाराष्ट्रात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे, सहांतला सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून वगळतात. कन्नडचे ४८ गळाले. उरलेल्या पाचांची बेरीज ४०४, भागिले ५००. उत्तर ८०.८० टक्के. एका अक्षराचाही जादा अभ्यास न करता मुलगी जवळजवळ पाच टक्क्यांनी हुशार झाली! आणि काहीच न वगळता, कुठल्याच भाषेला जादा वजन न देता सरळ सहाशेने भागलं तर? ४५२ भागिले ६००, म्हणजे ७५.३३. मुलगी एक, उत्तरपत्रिका त्याच आणि टक्केवाऱ्या तीन. तिन्हींत चूक कुठेच नाही. एकच तांदळाची रास तीन वेगवेगळ्या मापट्यांनी मोजली, इतकंच.

आपण टक्के मुलाला चिकटवतो, जणू ते उंचीसारखे त्याच्या अंगचेच आहेत. प्रत्यक्षात ती संख्या मूल आणि नियम या दोघांची मिळून बनलेली असते. मूल तेच राहून नियम बदललेला पाहायची संधी एरवी मिळत नाही. सीमेवर मिळते, तीही फुकट.

पास-नापासाची रेघ तर याहून अजब. ३५ हा आकडा आपल्याला पंचमहाभूतांइतका जुना वाटतो. पण महाराष्ट्रात गणित आणि विज्ञान यांचा एकत्र विचार होतो. दोहोंत मिळून ७० आणि प्रत्येकात निदान २५ असले की गाडी पुढे. गणितात ३० आणि विज्ञानात ४१ मिळवणारा मुलगा इथे पास. कर्नाटकात ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं, की आता एकूण ३३ टक्के, म्हणजे ६२५ पैकी २०६ आणि प्रत्येक विषयात किमान ३० पुरेत. त्याआधी ही रेघ ३५ टक्क्यांवर होती, म्हणजे २१९ गुणांवर. तेरा गुणांच्या त्या पट्ट्यात उभी असलेली मुलं एका घोषणेने नापासाची पास झाली. त्यांचं ज्ञान मात्र आदल्या दिवशीइतकंच.

रेघ हलते तेव्हा काय होतं, याचा याहून ठळक दाखला २०२४ चा आहे. त्या वर्षी कर्नाटकाने परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे लावले आणि वेबकास्टिंगने नजर ठेवली. कॉपीला चाप बसला आणि निकाल धाडकन कोसळला. इतका, की मंडळाने ग्रेस गुणांची मर्यादा १० टक्क्यांवरून २० वर नेली आणि ग्रेस मिळण्यासाठी लागणारे किमान गुण ३५ टक्क्यांवरून २५ वर आणले. एवढं करून निकाल लागला ७३.४० टक्के. आदल्या वर्षी तो ८३.८९ होता. पुढच्या वर्षी ही जादा ग्रेस काढून घेतली, तर पहिल्या परीक्षेचा निकाल आला ६६.१४. तीन वर्षांत कर्नाटकातली मुलं अचानक मठ्ठ झाली, असं कोणी म्हणणार नाही. कॅमेऱ्याची जागा आणि रेघेची उंची, एवढंच बदललं.

त्याच २०२५ साली महाराष्ट्राचा दहावीचा निकाल होता ९४.१० टक्के. एकीकडे शंभरातली सहा मुलं नापास, दुसरीकडे चौतीस. शिखरावरही तीच तऱ्हा. कर्नाटकात ६२५ पैकी ६२५ मिळवणारे २२ निघाले, महाराष्ट्रात १०० टक्केवाले २११ आणि त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागात. महाराष्ट्रात परीक्षार्थी जवळपास दुप्पट असतात हे धरलं, तरी प्रमाण सुमारे पाचपट भरतं. लातूरच्या मुलांच्या मेहनतीला कमी लेखायचं नाही, पण महाराष्ट्रात एक विषय सोडून द्यायची मुभा आहे, शिवाय चित्रकलेच्या परीक्षा, शास्त्रीय संगीत, लोककला आणि खेळ यांचे सवलतीचे गुण मिळतात. कर्नाटकात सहाच्या सहा विषयांत एक गुणही गेला की सव्वासहाशे हुकले.

मग ७६ वाला मोठा की ८० वाला? या प्रश्नावर देशाने एकदा गंभीरपणे उत्तर शोधलं होतं. २०१३ ते २०१६ या काळात अभियांत्रिकीच्या जेईई मेनमध्ये बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. देशभरातल्या मंडळांचे गुण एका तराजूत घालायचे कसे? उपाय असा निघाला, की गुण बघायचेच नाहीत, क्रम बघायचा. आपल्याच मंडळातल्या किती टक्के मुलांच्या पुढे तू आहेस, एवढं सांग. यालाच पर्सेंटाइल म्हणतात. कल्पना देखणी आहे, कारण पेपर सोपा की अवघड, ग्रेस दिली की नाही, हे प्रश्न एका फटक्यात बाद होतात. मात्र तिच्या पोटात एक गृहीतक लपलेलं आहे : दोन्ही मंडळांतली मुलं सरासरीने सारखीच तयारीची असतात. ते खरं आहे का, हे तपासायला पुन्हा दोघांना एकच परीक्षा द्यावी लागेल. जेईई मेनने २०१७ पासून क्रमवारीतून बारावीचे गुण वगळले आणि या कोड्यातून अंग काढून घेतलं.

सीमाभागातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मात्र ते काढून घेता येत नाही. निपाणीला खेटून असलेल्या अर्जुननगरात देवचंद कॉलेज आहे. पत्ता सांगताना निपाणीचं नाव येतं, पण जमीन कागल तालुक्याची, जिल्हा कोल्हापूर. निपाणीची मुलगी कर्नाटकाच्या दहावीची गुणपत्रिका घेऊन चालत तिथे जाऊ शकते आणि दोन वर्षांनी महाराष्ट्राची बारावी देते. तिची वर्गमैत्रीण गावातच पीयूसीला, म्हणजे कर्नाटकाच्या अकरावी-बारावीला राहते. आता फरक बघा. कर्नाटकाच्या केसीईटी या प्रवेश परीक्षेतून अभियांत्रिकीला जायचं, तर क्रमवारीत निम्मं वजन बारावीच्या गुणांना आणि निम्मं सीईटीला. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीतून जायचं, तर गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण पात्रतेची अट पुरी करण्यापुरते. वर्षभर सावकाश, नेटाने गुण जमवणाऱ्या मुलीला पहिली मोजणी मानवेल. एका सकाळी संगणकापुढे बसून बाजी मारणारीला दुसरी. घरात अकरावीच्या प्रवेशाची चर्चा बसभाडं आणि माध्यम यांभोवती फिरते. पण तेव्हाच नकळत हेही ठरून जातं, की पोरीला पुढे कोणत्या पट्टीने मोजायचं.

कर्नाटकात दहावी-बारावी केलेल्या मुलांनाही महाराष्ट्राने एक दार उघडं ठेवलं आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात उमेदवारांचे प्रकार पाडलेले असतात, त्यांतला 'टाइप ई' खास यांच्यासाठी. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्या वादग्रस्त सीमाभागात राहणारा, तिथल्याच संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला आणि मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी या प्रकारात अर्ज करतो. त्यासाठीच्या दाखल्यांचे नमुनेही ठरलेले आहेत. रहिवास सीमाभागातला असल्याचा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा. हा दुसरा दाखला आमच्या त्या काल्पनिक मुलीलाही काढावाच लागेल, जरी तिच्या गुणपत्रिकेवर पहिली भाषा मराठी आणि पुढे १२५ पैकी ११५ असं छापलेलं असलं तरी.