स्मृतिभ्रंश, झोप आणि मेलाटोनिन

म्हातारपणी माणूस विसरतो, यात नवल ते काय, असे आपण सहज बोलून जातो. परंतु चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारास स्मृतिभ्रंश म्हणतात व त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार होय. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली तो प्रथम वैद्यकीय जगापुढे मांडला. कोकण रेल्वेसाठी ज्यांनी नेट लावला ते जॉर्ज फर्नांडिस अखेरची अनेक वर्षे याच आजाराने ग्रासलेले होते. २०१९ साली त्यांचे निधन झाले. आयुष्यभर डोके चालवणाऱ्यालाही हा आजार सोडत नाही.

विसरण्यापेक्षा घरच्यांना जेरीस आणते ती रात्र. तिन्हीसांजा झाल्या की आजी अस्वस्थ होते, स्वतःच्याच घरात बसून "मला घरी पोचवा" म्हणते, मध्यरात्री कडी काढून खळ्यात जाते. आपल्या अंजनवेलीत एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी. मुलगे मुंबईला आणि घरात एकटी सून. तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मग कोणी म्हातारचळ म्हणते, कोणी भगताकडे नेते. बाहेरचे काही नसते. बिघाड मेंदूतल्या घड्याळात असतो.

मेंदूच्या मध्यभागी पिनियल नावाची तांदळाच्या दाण्याएवढी ग्रंथी आहे. तिच्यातील मेलाटोनिन हे द्रव्य १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात डॉ. आरोन लर्नर यांनी वेगळे केले. अंधार पडला की आपल्या दीपगृहाचा दिवा लागतो, तशी ही ग्रंथी अंधार पडल्यावर कामाला लागते. डोळ्यांवर उजेड पडला की मेंदूतल्या घड्याळाला वर्दी जाते व स्राव थांबतो. मेलाटोनिन म्हणजे गुंगी आणणारे औषध नव्हे. 'रात्र झाली' एवढा निरोप ते शरीराला देते. वय वाढते तसा हा स्राव घटतो आणि अल्झायमरमध्ये अधिकच घटतो, कारण घड्याळाच्या पेशीच झिजतात. मेंदूचा विद्युत आलेख काढला तर जागेपणी लहरी संथ झालेल्या दिसतात आणि गाढ झोपेत ज्या मोठ्या लहरी उठायला हव्यात त्या क्षीण होतात. म्हणजे दिवसा अर्धी झोप आणि रात्री अर्धी जाग!

मग मेलाटोनिनची गोळी दिली की झाले, असे कोणासही वाटेल. २००३ साली अमेरिकेत १५७ रुग्णांवर दोन महिने हा प्रयोग झाला. मनगटावरील यंत्राने झोप मोजली, पण गोळीने लक्षणीय फरक पडला नाही. २००८ साली नेदरलँड्समधील अभ्यास आम्हांस अधिक बोलका वाटतो. तेथील १२ निवासांतील १८९ वृद्धांपैकी काहींना दिवसभर भरपूर उजेड, काहींना मेलाटोनिन, तर काहींना दोन्ही दिले. उजेडाने बुद्धीची घसरण थोडी मंदावली व खिन्नताही कमी झाली. नुसत्या गोळीने झोप लवकर लागली, पण माणसे उदास, अबोल झाली. उजेडाची जोड मिळताच तो दोष राहिला नाही. पुढे २०१५ साली अमेरिकेतील निद्रावैद्यकांच्या संघटनेने, झोपेचे चक्र बिघडलेल्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना मेलाटोनिन देऊ नये, असाच सल्ला दिला. तेव्हा जाहिरात वाचून दुकानातून गोळी आणू नये. गेलेली स्मृती तिने परत येत नाही.

उजेड मात्र आपल्याकडे फुकट आहे. सकाळी आजोबांना अंधाऱ्या माजघरात न ठेवता अंगणात बसवावे. पावसाळ्यात निदान पडवीत. तांदूळ निवडणे, आठळ्या सोलणे असे हाताला काम द्यावे. दुपारची झोप थोडकी असावी, संध्याकाळचा चहा टाळावा. रात्री टीव्ही व मोठे दिवे बंद करून मोरीच्या वाटेवर एकच मंद पिवळा दिवा ठेवावा. दाराला घंटी बांधावी. आणि रात्रीची जागरणे एकट्या सुनेवर टाकू नयेत. मुंबईहून येणाऱ्यांनी पाळी घ्यावी. आमच्या मते गोळीपेक्षा याचाच उपयोग अधिक.

आम्हा बँकेतल्या लोकांना काही खुणा घरच्यांच्याही आधी दिसतात. पेन्शनरची सही जुळेनाशी होते. सकाळी पैसे नेलेला माणूस दुपारी पुन्हा पैसे मागायला येतो. असे कळल्यास हसण्यावारी नेऊ नये. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो पुष्कळदा बरा होतो, म्हणून आधी तपासणी हवी. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे; नावाला बिचकून तेथे जाणे लांबवू नये. जाताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या आणि रुग्ण रात्री किती वाजता उठतो याची आठवड्याची टिपणवही सोबत न्यावी.