नऊ फटींची जीप

सकाळी ६

थंडीच्या दिवसांत जव्हारच्या शिरपामाळावर दव इतकं पडतं की पत्र्यावर बोट ठेवलं तरी ओघळ उठतो. त्यामुळे जुन्या गाड्या नीट करायच्या माझ्या शेडचं शटर वर गेलं की पहिलं काम पुसण्याचं. घासून उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच राहिला तर सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते, म्हणून जेवढं घासलं तेवढ्यावर त्याच संध्याकाळी रेड ऑक्साइडचा हात फिरवून टाकायचा, हा इथला नियम. इथल्या पावसात रंगकाम होत नाही. जून ते सप्टेंबर इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, रंग दिवाळीनंतर.

सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम १६६४ च्या तोंडावर याच माळावर पडला आणि जव्हारच्या मुकणे राजांनी इथं त्यांचं स्वागत केलं, ही इथली जपलेली आठवण. इथलं स्मारक बघायला शाळांच्या सहली येतात. त्यातली पोरं हमखास शेडकडे डोकावतात, कारण दारातच जीप उभी असते. ‘काका, मिलिटरीची का?’ एवढंच विचारतात. मी त्यांना जाळीच्या फटी मोजायला लावतो. नऊ निघाल्या तर दुसऱ्या महायुद्धातली. युद्धानंतर विलीस कंपनीनं शेतकऱ्यांसाठी, मुलकी वापरासाठी जी जीप काढली तिला सात. या जीपला नऊ आहेत.

सकाळी ७:३०

जवळच्या पाड्यावरचा मदतनीस पोरगा आला. वय लहान, पण नजर तीक्ष्ण. आज त्याला टॉर्च घेऊन गाडीखाली पाठवलं. रेडिएटरच्या खाली चासीच्या दोन पट्ट्यांना जोडणारा जो आडवा दांडा असतो तो बघायचा होता, कारण गाडी विलीसची की फोर्डची हे तिथं कळतं.

‘दादा, गोल आहे. नळी.’

गोल नळी म्हणजे विलीस. फोर्डनं त्याच जागी उलट्या यू आकाराचा दाबलेला पत्रा वापरला. मग डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला तारेच्या ब्रशनं घासलं. चिखल, ग्रीस आणि रंगाचा पापुद्रा निघाल्यावर रिव्हेट मारलेली छोटी पट्टी दिसली आणि तिच्यावर नंबर. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली, नंबर कागदावर उतरला. आरसी बुकाशी ताडून पाहिला. जुळला. या कामात याहून मोठं समाधान नाही, निदान माझ्यासाठी.

पण मागच्या डब्याच्या बोल्टवर ‘एफ’ हे अक्षर आहे. फोर्ड आपल्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा हे अक्षर उठवत असे. म्हणजे चासी एकीची, बॉडी दुसरीची. असं कसं?

१९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. पहिला नमुना दिला तो पेनसिल्वेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम कंपनीनं, कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून. ही बॅन्टम तोवर हौसेच्या छोट्या उघड्या रोडस्टर गाड्या बनवत होती, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. पण सैन्याला लागणारा आकडा तिच्या आवाक्याबाहेरचा होता. मोठं कंत्राट टोलेडोच्या विलीसला गेलं, कारण डेल्मर रूस या इंजिनिअरनं सुधारलेलं तिचं इंजिन सगळ्यांत जोरकस होतं: चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. तेवढ्यानंही गरज भागेना, तेव्हा विलीसच्याच नकाशावर फोर्डनंही जीप काढली. दोघांच्या मिळून सहा लाखांच्या वर जीपा झाल्या. एकीचा भाग दुसरीला बसावा हीच सैन्याची अट होती. लढाईत मोडलेल्या गाड्या वर्कशॉपमध्ये आल्या की चांगली चासी एकीची, चांगला डबा दुसरीचा असं करून पुन्हा उभ्या केल्या जात. ही जीप त्यातलीच.

बाजारात सल्ला मिळतो की ‘एफ’चे बोल्ट काढून साधे लावा, शुद्ध विलीस म्हणून किंमत वाढेल. ते बोल्ट जिथं आहेत तिथंच राहतील. ही जोडणी कुणा गॅरेजवाल्यानं केलेली लबाडी नाही, गाडीच्या आयुष्यात घडलेली गोष्ट आहे.

सकाळी ९

आजचं मुख्य काम रंगाच्या थरांचं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या उभ्या पत्र्यावर रंग काढायचं रसायन वापरू दिलेलं नाही. तिथं हाताच्या पंजाएवढी जागा निवडली आणि बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासायला घेतलं. मधोमध जास्त, कडेला कमी. असं घासलं की थर कड्यांसारखे उघडे पडतात आणि बाहेरून आत येत वाचता येतात.

बाहेरचा लाल. त्याखाली पांढरा, जाडजूड, ब्रशनं मारलेला. केस अजून आत चिकटलेले दिसतात. मग पुट्टीची पिवळट रेघ. मग निळा. निळ्याखाली खाकीकडे झुकणारा हिरवा आणि सगळ्यांत तळाशी सैन्याचा मातकट हिरवा, चमक नसलेला.

आरसी बुक शेजारी उघडं ठेवलं. तीन इंग्रजी अक्षरांचा जुना नंबर, कापडी बांधणी, आत हस्तांतराच्या नोंदी शाईनं लिहिलेल्या आणि शिक्के. पहिली नोंद सैन्याच्या लिलावात गाडी घेणाऱ्याची. महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांबरोबर जीपा हिंदुस्थानात आल्या, युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये निघाल्या. आपल्या सैन्यानंही पुढं कित्येक वर्षं वापरून त्या लिलावात काढल्या. त्या गाड्या घेऊन लोकांनी काय काय नाही केलं! दुसरी नोंद लाकडाच्या ठेकेदाराची, तो खाकी-हिरवा त्याचा. तिसरी एका डॉक्टरांची: निळा, आणि नंतर पांढराही त्यांचाच, कारण पांढऱ्या थरावर दाराच्या जागी लाल क्रॉसची पुसट कड सापडली. लाल रंग शेवटच्या मालकाचा.

कागद आणि पत्रा एकच हकिगत सांगतात तेव्हा ती खरी मानायची. कागद एक सांगतो आणि पत्रा दुसरंच, तेव्हा काम थांबवून शोध घ्यायचा. इथं दोन्ही जुळले. त्या पंजाएवढ्या जागेवर पारदर्शक लॅकर मारलं. बाकी गाडी रंगेल, ही जागा उघडी राहील.

सकाळी ११

मालकांचा मुंबईहून फोन. जीप त्यांना वारशानं मिळाली आहे, जीव आहे त्यांचा तिच्यावर. म्हणाले, ‘मिस्त्री, डिझेल इंजिन टाकू या का? आणि पॉवर स्टिअरिंग. घाटात बरं पडेल.’

त्यांचं चूक नाही. पेट्रोल महागलं तसं जीपांची मूळ इंजिनं काढून डिझेल बसवण्याची लाटच आली होती आणि त्या लाटेत हजारो चांगली इंजिनं भंगारात गेली. या गाडीचं वाचलं, कारण डॉक्टर तिला जपून, थोडीच चालवत.

मी त्यांना नियम सांगितला. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या खेपेला ५ हजार. ज्या गाडीला आधीचा नंबर आहे तिला तो ठेवता येतो. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणायची. डिझेल टाकलंत तर हा दरवाजा बंद.

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बाबांना आवडलं नसतं. राहू द्या पेट्रोल.’

दुपारी १

नागलीची भाकर, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा. जेवताना पोरानं विचारलं, ‘दादा, सगळ्यात भारी अमेरिकन गाडी कोणती?’ मी त्याला इंदूरची सांगितली.

यशवंतराव होळकर दुसरे, माणिकबाग राजवाडा बांधणारे. नाव आमच्या जव्हारच्या यशवंतराव मुकण्यांचंच, काळही तोच, मात्र होळकरांची दौलत निराळी. १९३५ च्या सुमारास त्यांनी ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. इंडियानापोलिसची ही कंपनी जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या फ्रेड आणि ऑगस्ट या भावांच्या नावाची. तिचं ‘जे’ मॉडेल १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला लोकांसमोर आलं आणि १९३७ मध्ये कंपनी बंदही पडली. या मॉडेलच्या गाड्या पाचशेच्या आतच झाल्या. एका रांगेत आठ सिलिंडर, जवळपास सात लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर सुपरचार्जर. कंपनी ३२० अश्वशक्ती सांगायची. म्हणजे आमच्या जीपच्या पाचपटीहून जास्त. इंजिन-चासी अमेरिकेची, पण बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांची, आखणी ए. एफ. मॅकनील यांची. दोन माणसांची उघडी, लांबलचक स्पीडस्टर, नारिंगी आणि काळ्या रंगात.

ती गाडी पुढं अमेरिकेत परत गेली. तिचा जीर्णोद्धार झाला, आणि तिथं आजही तिला इंदूरच्या महाराजांची ड्यूसेनबर्ग म्हणूनच ओळखतात. मधे मालक बदलले, खंड बदलला, पण पहिल्या धन्याचं नाव सुटलं नाही. अर्धी अमेरिकन, अर्धी इंग्रज अशी ती गाडी. पण कोणता भाग कुठला, कुणी केला, हे सगळं नोंदलेलं असल्यामुळे ही सरमिसळच तिचं मोल ठरली. आपल्याकडून अशा कितीतरी गाड्या बाहेर गेल्या. सरकारनं निर्यातीवर बंदी आणेपर्यंत संस्थानिकांच्या गाड्या कवडीमोलानं विकल्या जात होत्या, आणि त्यांच्याबरोबर इथले कागदही गेले किंवा जळणात पडले.

पोरगा म्हणाला, ‘मग आपल्या जीपचंही लिहून ठेवायला पाहिजे.’ तेच तर चाललंय.

दुपारी ३

मोखाड्याकडून एक म्हातारे बाबा आले. डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते, निरोप धाडून बोलावलं होतं. एसटीनं आले, आधी चहाही घेतला नाही. सरळ जीपच्या डाव्या बाजूला गेले आणि पायरीच्या आतल्या कडेवरून हात फिरवला.

‘हाय. हाच टाका.’

तिथं वेल्डिंगचा जाड, वाकडा टाका आहे. काल आम्ही तो घासून सपाट करायचा विचार केला होता. बाबांनी सांगितलं: पावसाळ्यात एका बाळंतिणीला आणताना तोरंगण घाटाच्या रस्त्यावर दगडावर आदळून पायरी फाटली. गाडी तशीच पुढं नेली, बाई पोचली, मूलही जगलं. दुसऱ्या दिवशी जव्हारच्या लोहारानं गॅसवर टाका मारला. डॉक्टर म्हणाले, असाच राहू दे.

बाबांचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलं, नंतर वहीत उतरवून त्यांची सही घेतली. टाक्याचा फोटो मोजपट्टी लावून काढला. त्याला आता ग्राइंडर लागणार नाही; वरून रंग बसेल, उंचवटा तसाच राहील. बाबांना मग स्टिअरिंगवर बसवलं. गिअरचा दांडा त्यांनी न बघता पहिल्यात टाकला.

संध्याकाळी ५

इंजिनची चाचणी. या गाडीची वायरिंग सहा व्होल्टची. आजची बारा व्होल्टची बॅटरी लावून कामं करणारे भेटतात. बल्ब उडतात, सेल्फ जळतो. आम्ही सहाचीच ठेवली. कार्बोरेटरची जेट, जिला फुंकर मारूनही कचरा निघेना, ती पेट्रोलमध्ये भिजत घातली होती. डिलकोचे पॉइंट घासून फट बसवली. टॅपेटचा आवाज ऐकून एक पुन्हा धरला.

सुटे भाग आजही मिळतात, याचं श्रेय मुंबईला. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीसच्या जीपा इथं जोडायला घेतल्या आणि तो वंश कित्येक दशकं चालू ठेवला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दिवसभर फिरायची तयारी असेल तर निम्मं सामान सापडतं. उरलेलं नाशिकला लेथवर करून घ्यायचं.

हँडल मारलं. तिसऱ्या फिरकीला धरलं. तेलाचा काटा वर आला, धूर निळा नाही, पांढराही नाही. इंजिन चांगलं आहे.

रात्री ८

वही. तारीख, काय उघडलं, काय बदललं, काय मुद्दाम बदललं नाही आणि का. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत. आरसी बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो. पेन्सिलनं उतरवलेला नंबर. बाबांचं सही केलेलं निवेदन. गाडी मालकांकडे जाईल तेव्हा ही फाइल आणि पेटी तिच्याबरोबर जाईल. फाइल नको असेल तर मी गाडी सोडत नाही, हे आधीच सांगितलेलं असतं.

तुमच्या घरी, गावच्या वाड्यात, गोठ्यात एखादी जुनी गाडी उभी असेल, तर रंगाऱ्याला बोलवण्याआधी तिचे कागद शोधा. आरसी बुक, टॅक्सची टोकनं, विम्याच्या पावत्या, लग्नात तिच्यापुढं उभं राहून काढलेला फोटो. तिचा जुना ड्रायव्हर किंवा मिस्त्री हयात असेल तर या आठवड्यातच त्याला भेटा. गाडी विकलीत तर हे सगळं नव्या मालकाच्या हाती द्या, आणि त्याच्याकडून पोच घ्या.