परदेशात शिकवायला जाताना: ताट, वर्ग आणि आडनाव

नवी मुंबईत तरुणांसोबत काम करताना आम्हाला हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "बी.एड. झालंय, इंग्रजी बरं आहे, थायलंडमध्ये शिक्षकाची नोकरी मिळतेय. जाऊ का?" आम्ही सांगतो, जरूर जा. मात्र पगाराइतकीच तिथल्या रोजच्या जगण्याची चौकशी करा. बौद्ध देशात चाललोय म्हणजे आपल्याच घरी चाललोय, असं समजून गेलेला माणूस लवकर गोंधळतो.

आपल्याकडून या वाटेवर फार आधी गेलेले एक नाव म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली सारस्वत ब्राह्मण कुटुंबात जन्म, औपचारिक शिक्षण जेमतेम. बुद्धाचा धम्म शिकण्यासाठी ते श्रीलंकेला आणि ब्रह्मदेशाला गेले. १९१० मध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डला पोहोचले आणि पुढे त्याच कामासाठी पुन्हा पुन्हा अमेरिकेला गेले. १९२९ साली पाली शिकवायला ते लेनिनग्राडला गेले. तिथली थंडी प्रकृतीला मानवली नाही, म्हणून परतले. हार्वर्डमध्ये कामाच्या श्रेयावरून मतभेद झाले, तेव्हाही ते गप्प बसले नाहीत. तो ग्रंथ अखेर १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्यांच्या नावासह छापला गेला. अन्न, हवा, भाषा यांच्याशी जुळवून घ्यायचं, पण कामाचा हेतू आणि स्वतःचा मान सोडायचा नाही, हा धडा त्यांच्या आयुष्यातून घेता येतो.

आधी कागद

पर्यटक व्हिसावर शिकवणं थायलंडमध्ये बेकायदा आहे. नोकरीसाठीचा 'बी' व्हिसा आणि कामाचा परवाना, दोन्ही लागतात. "आधी या, कागद नंतर बघू" म्हणणाऱ्या एजंटला नकार द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, ती तपासा. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून म्यानमारच्या म्यावाडी भागात नेलेल्या आणि सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीय तरुणांची सुटका सरकारला करावी लागली आहे.

ताट आणि वर्ग

तिथले बहुतेक उपासक मांसाहार करतात आणि भाजीतही माशाचा रस असतो. शाकाहारी असाल तर तसं सांगणारं थाई वाक्य पहिल्या दिवसापासून पाठ हवं. दिनदर्शिकेवर इसवी सनात ५४३ मिळवून येणारं बुद्धवर्ष दिसेल. शाळेचं वर्ष साधारण मे महिन्याच्या मध्याला सुरू होतं. डोक्याला हात लावणं आणि पाय कुणाच्या दिशेने करून बसणं अपमानकारक मानतात. म्हणजे आपल्याकडे गुरुजी मुलाच्या डोक्यावर मायेने ठेवतात तो हात तिथे आवरायचा.

वर्गात सर्वात अवघड जाते ती मुलांची शांतता. समोरच्याला आपल्यामुळे त्रास नको, या भिडेला थाई भाषेत 'क्रेंग चाय' म्हणतात. त्यामुळे "समजलं का?" असं विचारलं की सगळा वर्ग मान डोलावतो. काही समजलेलं नसतानाही डोलावतो. यावर साधा उपाय म्हणजे तोंडी विचारू नका, दोन ओळी कागदावर लिहून घ्या. चूक चारचौघांत दाखवू नका. जून महिन्यात 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदनेचा कार्यक्रम होतो, मुलं शिक्षकांना फुलं देतात. तो मान परदेशी शिक्षकालाही मिळतो.

विहारात आणि देवळात

आपल्या मुलामुलींची खरी कसोटी इथे लागते. भारतीय म्हणजे हिंदू, असं तिथले सहकारी गृहीत धरतात आणि आपुलकीने ब्रह्मदेवाच्या मूर्तीपुढे घेऊन जातात. बँकॉकचं प्रसिद्ध एरावान देवस्थान ब्रह्मदेवाचं आहे. त्याची स्थापना १९५६ ची, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला २२ प्रतिज्ञा दिल्या त्याच वर्षाची. तिथे वाद घालू नये. शांत उभं राहावं, हात जोडू नयेत, आणि विचारलं तर सांगावं: "मी बौद्ध आहे, आमच्या धम्मात हे नाही." तिथल्या विहारातही काही गोष्टी खटकतील. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श न करण्याचा नियम त्यातलाच. नियम पाळा, प्रश्न मनात जपा, ओळख वाढली की विचारा. बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला गेले तेही तिथला धम्म प्रत्यक्षात कसा पाळला जातो हे पाहायला. नुसतं कौतुक करणं हा त्यांचा हेतू नव्हता.

आडनाव

परदेशात एकटेपणा आला की माणूस आपली भाषा बोलणारे शोधतो. मग मंडळाच्या पहिल्याच जेवणात प्रश्न येतो: "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" कोसंबींना स्वतःची जात मागे टाकता आली, आपल्याला ती दुसरे आठवण करून देतात. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारा कायदा केला, कारण जात विमानाने तिथवर गेली होती. म्हणून निघण्यापूर्वीच त्या देशातल्या आंबेडकरी मंडळींचा पत्ता काढा. १४ एप्रिलला चार माणसं जमतील इतकी सोय असली तरी वर्ष निभावतं. समाजशास्त्रात आम्ही याला आधारजाळं म्हणतो. आपल्या आया त्याला माणसं जोडणं म्हणतात.

आणि परत या, किंवा निदान शिकलेलं परत पाठवा. जग फिरलेल्या कोसंबींनी १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागातल्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा केला. तुम्ही थायलंडमध्ये शिकवायला शिकलात, तर त्या शिकवण्याची तुर्भे, दिघ्यातल्या मुलांनाही गरज आहे. आठवड्यातून एक तास ऑनलाइन वर्ग घेतलात तरी आम्ही इकडे मुलं बसवायला तयार आहोत.