बुडाला धरलेलं बिऱ्हाड

मे अखेर, पावसाळी मासेमारी बंदीच्या तोंडावर होड्या वर ओढल्या की आधी बूड खरवडायचं काम निघतं. खरवडणाऱ्या पत्र्याखाली पांढरट, धारदार कवचं सुटून वाळूत पडतात. अनवाणी पाय पडला तर टाच फाटलीच म्हणून समजा. ‘शिंपले धरलेत बुडाला,’ असं बघणारा सहज म्हणतो. त्यात काही कालवं, शिंपले असतातही. पण ज्वालामुखीच्या तोंडासारखे दिसतात ते बार्नेकल, आणि बार्नेकल शिंपला नव्हे. तो कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद.

ही चूक एकट्या आपली नाही. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनेही त्याला शंख-शिंपल्यांच्या पंगतीला बसवलं होतं. निसर्गअभ्यासक जॉन व्हॉन टॉमसनने त्याचं पोहणारं पिल्लू वाढताना पाहिलं आणि १८३०मध्ये ते प्रसिद्ध केलं, तेव्हा खरं गोत्र कळलं. पुढे डार्विनने याच प्राण्यावर तब्बल आठ वर्षं घालवली.

दुसरा समज असा, की जहाज धावत असताना हे जीव वाटेत चिकटत जातात. खरं तर बिऱ्हाड थाटलं जातं ते बहुतेक वेळा जहाज बंदरात स्वस्थ उभं असताना. आणि पिल्लू आपटून चिकटत नाही, जागा निवडतं. जागा शोधायच्या या अवस्थेत ते काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतं. डोक्यावरच्या दोन स्पर्शकांवर चालत पृष्ठभाग चाचपतं आणि पटला नाही तर उठून दुसरीकडे जातं. भाड्याची खोली बघणारा माणूसही एवढा चिकित्सक नसतो. जातभाई बसलेली जागा त्याला विशेष आवडते. एकदा ठरलं की डोकं टेकून सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडतं, आणि मग जन्मभर पायांनी पाण्यातलं अन्न ओढत राहतं.

नुसता बुळबुळीत थर निरुपद्रवी, हेही खरं नाही. जीवाणू आणि सूक्ष्म शैवालांचा अर्धा मिलिमीटरचा थर निम्म्या बुडावर पसरला, तरी जहाजाचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन सुमारे पावपट वाढू शकतं.

तांब्याबद्दलचा गैरसमज मात्र सगळ्यांत मजेदार, कारण तो एका थोर रसायनशास्त्रज्ञाला भोवला. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांना बुडाशी तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. ते भराभर झिजतात, अशी तक्रार होती. १८२४मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यांना जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून दिले. झीज थांबली. शाब्बास! पण जहाजं परतली ती बार्नेकल आणि शेवाळ लेवून. तांबं पाण्यात विरघळत होतं, म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं. झीज हीच राखण होती. बुडाला लावायचे आजचे बरेच रंगही तांबं थोडं थोडं सोडूनच काम करतात.

मग जास्त जालीम विष का नाही वापरायचं? वापरून झालंय. ट्रायब्युटिल कथिलाच्या रंगांनी फ्रान्समधल्या आर्काशोंच्या कालवांची कवचं वेडीवाकडी झाली, समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली. जहाजांवर या रंगांना मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार २००८मध्ये अमलात आला.

राहिला शेवटचा समज: खरवडलं की झालं. पाण्यातच खरवडलं, तर सुटलेले जीव तिथल्याच बंदरात पडतात आणि परके जीव तिथे रुजूही शकतात. काळ्या पट्ट्यांचा एक परदेशी शिंपला मूळ कॅरिबियन समुद्राकडचा. १९६७मध्ये तो विशाखापट्टणमला आढळला, पुढे मुंबईतही. वाळूवर खरवडलेल्या होडीचं बूडही नीट न्याहाळा. कवच निघालं तरी लाकडावर पांढऱ्या गोल चकत्या उरतात, बार्नेकलच्या तळाच्या. पुढच्या खेपेच्या पिल्लांना इथे आपली माणसं राहत होती हे कळायला तेवढ्या चकत्या पुरतात.