हृता दुर्गुळे
हृता दुर्गुळे या दूरचित्रवाणी, रंगभूमी व चित्रपट या तिन्ही माध्यमांत काम करणाऱ्या मराठी अभिनेत्री आहेत.

कारकीर्द
स्टार प्रवाह वाहिनीवरील 'दुर्वा' (२०१३) या मालिकेतील शीर्षक भूमिकेने त्यांच्या कारकिर्दीस आरंभ झाला. पुढे 'फुलपाखरू' (२०१७) मधील वैदेही व 'मन उडू उडू झालं' (२०२१) मधील दीपू या भूमिकांमुळे त्या घरोघरी परिचित झाल्या. 'दादा, एक गुड न्यूज आहे' या नाटकात त्यांनी उमेश कामत यांच्यासमवेत बहिणीची भूमिका केली.

चित्रपट
'अनन्या' हा त्यांचा चित्रपट २२ जुलै २०२२ रोजी प्रदर्शित झाला. प्रताप फड यांनी तो स्वतःच्याच नाटकावरून दिग्दर्शित केला. रंगभूमीवर ही भूमिका ऋतुजा बागवे यांनी गाजवली होती. अपघातात दोन्ही हात गमावलेली नायिका पायांनी दैनंदिन कामे करण्यास शिकते. त्यामुळे हातांच्या हालचालींचा आधार न घेता केवळ मुद्रा, आवाज व पाय यांच्या साहाय्याने व्यक्तिरेखा उभी करण्याचे आव्हान अभिनेत्रीपुढे होते. आठवड्यानंतर प्रदर्शित झालेल्या रवी जाधव दिग्दर्शित 'टाइमपास ३' मध्ये त्यांनी साकारलेली बेधडक पालवी मात्र याहून सर्वस्वी भिन्न आहे.