चिलटासाठी बांधलेला तुरुंग

श्रावण-भाद्रपदात लोहगड-विसापूरच्या खिंडीतून किंवा खंडाळ्यातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणाकडेनं चालताना तेरडा दिसतो, सोनकी दिसते. ती दिसतेच, कारण दिसावं म्हणूनच ती फुललेली असते. पण त्याच कुंपणावर, करवंदीच्या जाळीतून वर सरकलेल्या एका हडकुळ्या वेलीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तिचं फूल बोटाच्या दोन पेरांएवढं, हिरवट-पांढरं, जांभळ्या ठिपक्यांचं. तळाशी फुगीर, वर अरुंद नळी आणि टोकाला पाच पाकळ्या. या पाकळ्या उघडतात, पण त्यांची टोकं एकमेकींना चिकटलेलीच राहतात, म्हणून माथ्यावर पाच खिडक्यांचा इवलासा पिंजरा तयार होतो. हे कंदीलपुष्प. कुणी हिला हामण म्हणतं, कुणी खरपुडी. वनस्पतिशास्त्रात हिचं नाव सेरोपेजिया.

आता प्रश्न असा की असलं फूल कुणासाठी? फुलपाखराला बसायला जागा नाही. मधमाशी आत मावत नाही. आणि नाक जवळ नेलंत तरी बऱ्याच जातींत आपल्याला फारसा वासच येत नाही.

वास आपल्यासाठी नाहीच मुळी. तो दोन-तीन मिलिमीटरच्या चिलटांसाठी आहे, आणि त्या वासात भामटेगिरी आहे. याच कुळातली सेरोपेजिया सँडरसोनी ही वेल दक्षिण आफ्रिकेत उगवते. आनेमारी हायडुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली तिच्या वासाचं कोडं सोडवलं. तिथे काही चिलटं अशी आहेत की कोळ्यानं मधमाशी पकडली की ती धावत येतात आणि मरत्या माशीच्या अंगातून झिरपणारा रस फुकटात पितात. त्यांना बातमी कशी लागते? तर कोळ्याच्या तावडीत सापडलेली मधमाशी धोक्याचा गंध सोडते, त्यावरून. ही वेल फुलातून तोच गंध सोडते! कोळी नाही, माशी नाही, मरण नाही, नुसता मरणाचा वास. चिलटं मेजवानीला येतात. त्यांत माद्याच जास्त, कारण अंडी घालायची तर असा पौष्टिक रस हवाच.

येतात आणि घसरतात. पावसाच्या सुरुवातीला मावळात चढणीचे मासे धरायला ओहोळाच्या तोंडाशी बांबूच्या काड्यांचा सापळा लावतात, तो तुम्ही पाहिला असेल. आतल्या काड्यांची टोकं अशी वळवलेली असतात की मासा सुळकन आत जातो, पण उलटा फिरला की टोकं आडवी येतात. कंदीलपुष्पाची नळी अगदी हीच युक्ती वापरते. आतून निसरडी, आणि तिच्यातले केस खाली वळलेले. खाली जाताना ते वाट देतात, वर येताना अडवतात. फरक एवढाच की ओहोळातला मासा संध्याकाळी कालवणात जातो आणि इथलं चिलट जिवंत सुटायला हवं. मेलं तर फुलाचा सगळा खटाटोप वाया.

नळी संपली की चिलट तळाच्या फुगीर कोठडीत पडतं. घाबरलेला किडा उजेडाकडे धावतो, हेही फुलाला ठाऊक! बऱ्याच जातींत कोठडीच्या भिंतीला पातळ, अर्धपारदर्शक पट्टे असतात. उजेड तिथून येतो, खऱ्या दारातून नाही. त्यामुळे कैदी दाराकडे न जाता कोठडीतच घोटाळत राहतो. कोठडीच्या मधोमध एक बारीक मनोरा, त्याच्या पायथ्याशी मधाचे थेंब. चिलट थेंब चाटायला तोंड घालतं आणि सोंडेचा केस एका उभ्या फटीत अडकतो. ओढलं की तो फटीतून वर सरकतो आणि वरच्या टोकाला एक काळपट चिमटा त्याला घट्ट पकडतो. या चिमट्याला परागकणांच्या दोन पिशव्या जोडलेल्या असतात. जोर लावून चिलट सुटतं, ते दोन पिशव्यांचं लोढणं तोंडाला लावूनच.

विश्वास बसत नसेल तर शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर मिळणाऱ्या माळेतलं रुईचं एक फूल घ्या. रुई कंदीलपुष्पाची लांबची नातलग आहे आणि तिचं यंत्र मोठं, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असं. फुलाच्या मध्यावर पंचकोनी माथा असतो आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक काळसर ठिपका. ठिपक्याच्या खालच्या फटीत सुईचं टोक घाला आणि हलकेच वर ओढा. सुईला एक ठिपका लटकून येईल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मेणासारख्या पिवळ्या दोन पिशव्या. नुसती पूड नव्हे, तर शेकडो परागकण बांधून, हुक लावून तयार ठेवलेलं गाठोडं.

मका वाऱ्यावर पराग उधळतो. कंदीलपुष्प सगळी शिल्लक एकाच डावात लावतं. गाठोडं योग्य जागी पोचलं तर त्यातल्या एका पिशवीवर शेंगभर बिया धरतात. नाही पोचलं तर शून्य. आणि बहुतेक वेळा शून्यच हाती येतं, बहुतेक फुलं शेंग न धरता गळून जातात. कारण नियमच अवघड आहे. साधारण दिवसभरानं नळीतले केस सुकतात, वाट मोकळी होते आणि चिलट बाहेर पडतं. एकदा फसलेल्या या प्राण्यानं पुन्हा त्याच वासाला भुलून दुसऱ्या फुलात पडायचं, आणि तिथे मध चाटताना त्याच्या तोंडची पिशवी बरोबर तशाच एका फटीत शिरून तुटायची. सगळी वंशावळ चालते ती चिलटाच्या विसराळूपणावर!

या गाठोड्यांनी विज्ञानाला एक वेगळीच देणगी दिली आहे. रॉबर्ट ब्राऊन हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रुईकुळातल्या आणि ऑर्किडच्या फुलांत परागकण नेमके बीजांडापर्यंत पोचतात कसे, हे सूक्ष्मदर्शकातून शोधत होता. १८३१ साली त्यानं त्यावर निबंध वाचला. त्यात जाता जाता लिहून गेला की ऑर्किडच्या पेशींत एक गोल ठिपका दिसतो, त्याला आपण केंद्रक म्हणू. शाळेत आपण सगळ्यांनी पेशीची आकृती काढून मधोमध ज्याला नाव दिलं, ते केंद्रक फुलाच्या लग्नाची चौकशी करताना बारशाला आलं.

सह्याद्री हे कंदीलपुष्पाच्या वेलींचं माहेर. भारतात सेरोपेजियाच्या पन्नासाहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी फक्त इथल्या कड्याकपारींत आणि सड्यांवर सापडतात, काही तर एकाच डोंगरापुरत्या. सेरोपेजिया लॉई म्हटलं की हरिश्चंद्रगड आठवावा. सेरोपेजिया अंजनेरिका ही जात २००६ साली नाशिकजवळच्या अंजनेरीवरून जगापुढे आली. तिचं नावच त्या डोंगराचं. खंडाळ्याच्या भागाचं भाग्य असं की इथे फादर एर्मेनेगिल्ड सांतापाव फिरले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले हे स्पॅनिश जेझुइट धर्मगुरू खंडाळ्याचं रान धुंडाळत राहिले. १९५३ साली त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची धुरा सांभाळली. एका सेरोपेजियाला त्यांचं नावही आहे. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या भुशी डॅमवर भिजायला येणाऱ्या गर्दीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल, हा प्रश्न मी विचारणार नाही.

या वेली दुर्मीळ का झाल्या म्हणाल, तर कारण जमिनीखाली आहे. वेल मरते तेव्हा मरत नाही, कंदात झोपते. हा कंद खाण्यालायक. गुराखी पोरं उकरून खातात, रानडुक्कर आणि साळिंदर त्यांच्याआधी पोचतात. भरीला प्लॉटिंग, सपाटीकरण आणि वणवे.

म्हणूनच घरी वाढवायची हौस आली तरी रानातला कंद उकरायचा नाही, म्हणजे नाहीच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यातल्या जाती शोधल्या आणि वाढवल्या. अशा ठिकाणी तयार झालेलं बी किंवा रोप मिळालं तर उत्तम. आणि नाहीच मिळालं तर? पुण्यातल्या जवळपास कुठल्याही नर्सरीत ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणून एक लोंबती वेल विकतात, बदामाच्या आकाराच्या चित्रविचित्र पानांची. लोक पानांसाठी घेतात. ती दक्षिण आफ्रिकेची सेरोपेजिया वूडी. तिच्या पेऱ्यापेऱ्यावर लहान कंद धरतात आणि पानाआड दोन सेंटिमीटरचं जांभळट फूल येतं. तोच पिंजरा, तीच कोठडी. तुमच्या खिडकीत हा तुरुंग कधीपासून चालू असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल!

सह्याद्रीतल्या जातींचा कंद लावणं अवघड नाही, त्याला पाण्यापासून वाचवणं अवघड. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग पावसाळी वेलीला पाण्याची भीती कसली? भीती आहे ती साचण्याची. रानात कंद उतारावर, दगडांच्या सापटीत असतो, पाणी वाहून जातं. कुंडीत ते थांबतं आणि कंद सडतो. तेव्हा मातीत निम्मा बारीक मुरूम किंवा जाड वाळू, शेणखत अगदी चिमूटभर आणि कुंडी पागोळीच्या माऱ्याखाली नको. चढायला एक काठी. दिवाळीच्या सुमाराला पानं पिवळी पडली की पाणी बंद, ते थेट वळवाच्या सरींपर्यंत. उन्हाळ्यात मायेनं घातलेलं तांब्याभर पाणी या कंदांचा घात करतं.

खरी मजा पुढे. युरोपात रानटी आयरिस जोपासणारे हौशी लोक पुंकेसर चिमट्यात धरून दुसऱ्या फुलाला पुसतात, झालं परागण. इथे तुम्हाला चिलट व्हावं लागतं. फुलाच्या कोठडीला धारदार पात्यानं बाजूनं खिडकी पाडायची, दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावायचं आणि सर्वांत बारीक सुईनं किंवा ब्रशच्या एका ताठ केसानं चिमटा उचलायचा. मग त्याची एक पिशवी दुसऱ्या वेलीच्या फुलातल्या फटीत सरकवायची, तीही नेमक्या कडेनं आत. उलटी गेली तर परागनलिकेला वाट मिळत नाही. ‘दुसऱ्या वेलीच्या’ हे शब्द महत्त्वाचे, कारण या कुळात स्वतःच्याच परागावर बी धरायला बऱ्याच जाती नकार देतात. आणि नर्सरीतली स्ट्रिंग ऑफ हार्ट्स छाट कलमानं वाढवलेली असते. एकाच वेलीचे तुकडे असले तर दोन कुंड्या घेऊनही तुमच्याकडे वेल एकच! हात थरथरत असतील तर गॅलरीच्या कोपऱ्यातलं एखादं कोळिष्टक दिवाळीच्या साफसफाईतून वगळून पाहा. जिथे कोळी, तिथे उष्ट्यावर टपलेली चिलटं. घरातून विरोध होईल, तो तुमचा तुम्ही निस्तरा.

जमलं, तर बारीक शिंगांसारखी शेंगांची जोडी येते. ती हिरवी असतानाच मलमलीचा तुकडा सैल बांधून ठेवा. वाळली की ती उभी फाटते आणि प्रत्येक बीच्या डोक्यावरचा रेशमी झुबका उघडून बी हवेवर स्वार होतं. मग ते शेजारच्या सोसायटीचं. ताजं बी लवकर रुजतं. पहिल्या पावसाळ्यात रोप हातभरही वाढत नाही, फूल तर नाहीच. ते फक्त मातीखाली वाटाण्याएवढा कंद करतं आणि हिवाळ्यात नाहीसं होतं. नेमक्या याच वेळी घरातलं कुणीतरी रिकामी कुंडी म्हणून त्यात कोथिंबीर पेरतं. तेव्हा कुंडीवर नाव लिहून ठेवा, मोठ्या अक्षरांत.